मराठी लोकप्रिय संगीताचा ‘ऱ्हास’ : एका जुन्या तक्रारीची ऐतिहासिक मीमांसा

१

पुण्याहून विश्रांतवाडीमार्गे आळंदीस जाणाऱ्या रस्त्यावर दिघी हे गाव आहे. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट होईपर्यंत ते हवेली तालुक्यातील एक खेडे होते. आज एका अंगाला लष्करी संस्था, दुसऱ्या अंगाला भोसरीचा कारखानदारी पट्टा आणि मधोमध कामगारांची दाट वस्ती असे त्याचे रूप आहे. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते ती ह्याच रस्त्याने. त्या दिवशी दिघीत उभे राहणाऱ्यास दोन प्रकारचे संगीत एकाच वेळी ऐकू येते. दिंड्यांतून टाळ, पखवाज आणि वीणा ह्यांच्या साथीने परंपरेने ठरलेल्या क्रमाचे अभंग चाललेले असतात. आणि रस्त्याच्या कडेच्या स्वागतमंडपांतून ध्वनिक्षेपकांवर मुद्रित गीते लागलेली असतात. वर्षाच्या इतर दिवसांत, विशेषतः लग्नसराईत, ह्याच रस्त्यावर चित्रपटगीतांचा दणदणाट असतो. तो ऐकून कानांवर हात ठेवणारा सुशिक्षित मनुष्य जे वाक्य उच्चारतो, ते आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे: पूर्वीची गाणी राहिली नाहीत.

हे वाक्य खरे की खोटे, एवढाच प्रश्न येथे नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने आधी हे विचारावयास हवे की, हे वाक्य केव्हापासून उच्चारले जात आहे, कोणाच्या मुखातून उच्चारले जात आहे, आणि त्याचे परिणाम काय झाले आहेत. ह्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून चौथ्या, म्हणजे खरेखोटेपणाच्या प्रश्नास हात घालणे घाईचे होईल. ‘लोकप्रिय संगीत’ ह्या शब्दाने येथे नाट्यपद, लावणी, भावगीत, चित्रपटगीत आणि ध्वनिमुद्रिका वा ध्वनिफीत ह्यांवाटे पसरलेली भक्तिगीते व लोकगीते अभिप्रेत आहेत. मैफलीचे रागसंगीत ह्या विवेचनात प्रसंगानेच येईल.

२

आजच्या संगीतास नावे ठेवताना ज्या संगीताचा आदर्श म्हणून उल्लेख होतो, त्यात नाट्यसंगीताचे स्थान पहिले आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. त्यातील पदांच्या चाली कोठून आल्या हे पाहिले म्हणजे शुद्धतेची कल्पना किती सैलपणे वापरली जाते हे ध्यानी येते. साकी, दिंडी, कीर्तनातील पदे, लावणी आणि कर्नाटकी चाली असे ते मिश्रण होते. पुढे १८९६ मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनय’ नाटकाने पारशी-उर्दू रंगभूमीवरील चालींना मराठी रंगमंचावर आणले. किर्लोस्करी वळणास सरावलेल्या कानांना त्या परक्या वाटाव्यात हे साहजिक होते. १९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’स गोविंदराव टेंबे ह्यांनी चाली दिल्या. त्यांत पूर्वेकडील ठुमरी-दादऱ्याचे वळण होते. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखले ह्यांनी रागदारीचा आधार अधिक दृढ केला. छत्तीस वर्षांच्या अवधीत मराठी नाट्यपदाने आपला साज चारदा बदलला. आपण ज्यास एकच अखंड ‘नाट्यसंगीताचा सुवर्णकाळ’ म्हणतो, तो एका नावाखाली गोळा केलेल्या अनेक नवलाईंचा काळ आहे.

टेंबे ह्यांचे चरित्र ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ‘मानापमाना’च्या चाली करणारे हेच टेंबे १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ ह्या आरंभीच्या मराठी बोलपटात हरिश्चंद्राच्या भूमिकेत दिसले, आणि त्याचे संगीतही त्यांचेच होते. बोलपटाने संगीत नाटक मोडकळीस आणले असे आपण म्हणतो व ते बव्हंशी खरेही आहे; परंतु बोलपटाचे संगीत परग्रहावरून आले नव्हते. ते नाटकाच्याच माणसांनी घडविले होते. टेंबे हे नामांकित हार्मोनियमवादक होते, आणि ज्या वाद्यावर त्यांची कीर्ती उभी होती, ते वाद्य १९४० साली आकाशवाणीने परके व भारतीय स्वरांस प्रतिकूल ठरवून आपल्या कार्यक्रमांतून वर्ज्य केले. ही बंदी १९७० नंतर टप्प्याटप्प्याने सैल झाली. एकाच कलावंताच्या आयुष्यात त्याचे काम आधी नवे, मग अभिजात आणि त्याचे वाद्य पुन्हा अशुद्ध ठरावे, ही गोष्ट अभिरुचीच्या निर्णयांच्या स्थैर्याविषयी पुरेशी साशंकता निर्माण करणारी आहे.

नाट्यपदामागून भावगीत आले. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी. एन. जोशी ह्यांनी ना. घ. देशपांडे ह्यांची कविता ध्वनिमुद्रिकेवर गायिली, आणि कवितेस स्वरांची हलकी बैठक देणारा एक नवा प्रकार रूढ झाला. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने रंगभूमीवर आणलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ ह्या नाटकात केशवराव भोळे ह्यांनी पदे थोडी, आटोपशीर आणि प्रसंगास धरून योजिली. त्यांत तानांच्या आतषबाजीस जागा नव्हती. ज्या श्रोत्याने ‘वन्स मोअर’च्या गजरात एकेक पद दीर्घकाळ ऐकले होते, त्यास हे सारे तोकडे वाटले असल्यास नवल नाही. त्यात यंत्राचाही वाटा होता. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. आज आपण ज्यास गीताची नैसर्गिक लांबी समजतो, ती मुळात मेणाच्या व लाखेच्या मर्यादेने ठरविलेली आहे. आणि त्याच मर्यादेत गायिलेली भावगीते आज ‘तेव्हाच्या’ गाण्यांच्या यादीत अग्रभागी असतात.

३

तक्रारीच्या वंशावळीत आणखी एक मनोरंजक कडी आहे, आणि ती आळंदी-देहूच्या परिसराशी संबद्ध आहे. १९३६ मध्ये प्रभातने ‘संत तुकाराम’ हा चित्रपट काढला. विष्णुपंत पागनीस हे त्यात तुकाराम झाले होते आणि संगीत केशवराव भोळे ह्यांचे होते. त्या चित्रपटातील ‘आधी बीज एकले’ ही रचना तुकारामांची नव्हे. चित्रपटाचे गीतकार शांताराम आठवले ह्यांनी ती अभंगाच्या वळणावर लिहिली होती. तथापि पुष्कळ श्रोत्यांनी ती गाथेतीलच मानली, आणि आजही तशी समजूत असणारे लोक भेटतात. म्हणजे जे गीत चित्रपटासाठी, ठरलेल्या प्रसंगासाठी, व्यवसायाच्या गरजेपोटी तयार झाले, ते एका पिढीच्या आतच परंपरेच्या खात्यात जमा झाले.

अभंगांच्या चालींचेही असेच आहे. आज घरोघरी ‘पारंपरिक’ म्हणून ऐकले जाणारे कित्येक अभंग ज्या चालींत आपणांस माहीत आहेत, त्या चाली आकाशवाणी व ध्वनिमुद्रिका ह्यांच्या काळातील संगीतकारांनी बांधलेल्या आहेत. राम फाटक ह्यांनी पुणे केंद्राच्या ‘स्वरचित्र’ ह्या कार्यक्रमासाठी अभंगास दिलेली आणि भीमसेन जोशी ह्यांनी गायिलेली चाल हे ह्याचे प्रसिद्ध उदाहरण. दिंडीत टाळकऱ्यांच्या पावलांशी जुळून चालणारी वारकरी चाल आणि मैफलीत किंवा मुद्रिकेवर ऐकू येणारी ही चाल ह्या भिन्न वस्तू आहेत. दुसरीचे मोल ह्यामुळे कमी होत नाही. परंतु दिघीच्या रस्त्यावर स्वागतमंडपातील ध्वनिक्षेपकावर ती लागली असता तीस ‘जुने’ म्हणावयाचे आणि शेजारच्या चित्रपटगीतास ‘नवे’ म्हणून धिक्कारावयाचे, हा भेद इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. दोन्हीही यंत्रयुगाची अपत्ये आहेत. एकाचे वय थोडे अधिक, इतकेच.

४

अभिरुचीचा निर्णय हा खाजगी राहतो तोवर त्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. त्याच्या हाती सत्ता आली म्हणजे काय होते, ह्याची दोन उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत.

पहिले तमाशाचे. स्वातंत्र्यप्राप्तीच्या आगेमागे मुंबई राज्यात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. तदनंतर दत्तो वामन पोतदार ह्यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणा समिती नेमली गेली आणि संहितेच्या पूर्वपरीक्षणाच्या अटीवर तमाशा पुन्हा उभा राहिला. ज्यांचे पोट ह्या कलेवर होते त्यांच्या दृष्टीने ‘ऱ्हास’ हा तात्त्विक चर्चेचा विषय नव्हता. तो चुलीचा प्रश्न होता. पुढे १९५९ मध्ये लावणीप्रधान ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात सव्वाशेहून अधिक आठवडे चालला, आणि आज त्यातील लावणी ‘त्या काळची’ दर्जेदार लावणी म्हणून गौरविली जाते.

दुसरे उदाहरण आकाशवाणीचे. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. चित्रपटसंगीताने जनतेची अभिरुची बिघडते अशी त्यांची धारणा होती. चित्रपटगीतांचा वेळ कमी करण्यात आला, निर्मात्यांशी वाद झाला आणि थोड्याच अवधीत ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. १९५२ च्या अखेरीस तेथे अमीन सयानी ह्यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली व तिची लोकप्रियता सर्वश्रुत आहे. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीस ‘विविध भारती’ सुरू करून श्रोत्यांस परत बोलवावे लागले. ज्या गाण्यांपासून जनतेस वाचवावयाचे होते, ती १९५० नंतरच्या दशकातील हिंदी व मराठी चित्रपटगीते होत. आजच्या संगीतास निकृष्ट ठरविताना मापदंड म्हणून आपण नेमकी तीच गाणी हाती घेतो, हा काव्यगत न्यायच म्हणावयाचा.

परंतु येथे निष्पक्षपातीपणाने दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. चित्रपटगीतास पर्याय म्हणून आकाशवाणीने सुगम संगीतास जो आश्रय दिला, त्यातून मोलाचे कार्यही झाले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेल्या पुणे केंद्रावरून सीताकांत लाड ह्यांच्या कल्पनेनुसार १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्यास एक अशा क्रमाने ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. त्याची ५६ गीते मराठी मनात किती खोल रुजली हे सांगावयास नको. तथापि त्याचे कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हे दोघेही चित्रपटव्यवसायातच घडलेले होते. कथाप्रसंग ओळखणे, अल्पावधीत नेमके शब्द योजणे, मोजक्या मिनिटांत भाव उभा करणे ही त्यांची साधना चित्रपटाच्या कार्यशाळेत झाली होती. आश्रयाने निर्मिती झाली. बंदीने केवळ श्रोते दुरावले. ह्या दोन गोष्टी एकाच धोरणाच्या पोटी जन्मल्या म्हणून त्यांची गल्लत करता कामा नये.

५

आता खरेखोटेपणाकडे वळू. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या बाबतीत हा प्रश्न गणकयंत्राच्या साहाय्याने मोजून पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१२ मध्ये सेर्रा व त्यांचे सहकारी ह्यांनी १९५५ ते २०१० ह्या काळातील सुमारे ४ लाख ६४ हजार ध्वनिमुद्रणांची तपासणी केली. स्वरक्रमांतील वैविध्य घटले आहे, नादाची जात एकसुरी होत आहे आणि मुद्रणाची पातळी चढत गेली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तक्रार करणाऱ्यांस हा मोठाच आधार वाटला. परंतु २०१५ मध्ये मॉख व सहकाऱ्यांनी १९६० ते २०१० मधील अमेरिकेतील सुमारे १७ हजार लोकप्रिय गीते तपासली असता त्यांना एकसुरीपणाकडे जाणारी सलग उतरण आढळली नाही. १९६४, १९८३ आणि १९९१ ह्या वर्षांच्या सुमारास शैलीतील मोठी स्थित्यंतरे मात्र दिसली. साधने सारखी असूनही निष्कर्ष भिन्न आले, कारण काय मोजावयाचे ह्याची निवड भिन्न होती. श्रोत्याच्या बाजूनेही एक शोध ध्यानात घेण्याजोगा आहे. १९८९ मध्ये हॉलब्रुक व शिंडलर ह्यांनी दाखविले की, मनुष्याची आवड साधारणतः त्याच्या वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आसपास प्रचलित असलेल्या गीतांवर सर्वाधिक जडलेली असते. तारुण्य आणि त्या तारुण्याचे गाणे ह्यांत कान भेद करीत नाही.

ह्याखेरीज काळाची चाळणी असते. १९५५ सालचे आज जे शिल्लक आहे ते निवडक आहे. आजचे जे कानी पडते ते सरसकट आहे. निवडलेल्या धान्याची न पाखडलेल्या राशीशी तुलना केली तर राशीत कोंडा अधिक निघणारच. आणि ही चाळणी निःपक्षपाती नसते. वामनदादा कर्डक ह्यांनी आंबेडकरी चळवळीसाठी रचलेली असंख्य गीते, प्रल्हाद शिंदे व विठ्ठल उमप ह्यांची गायकी, जत्रा व जलसे ह्यांतून गाजलेली गाणी ही त्याच ‘सुवर्णकाळा’तील होत. कामगारवस्त्यांत ती पाठ होती. परंतु सुवर्णकाळाची यादी करणाऱ्या लेखणीस ती क्वचितच आठवतात. तेव्हा ‘पूर्वीचे’ ह्या शब्दात कोणाचे पूर्वीचे, हा प्रश्न दडलेला आहे.

मग तक्रारीत काहीच तथ्य नाही काय? तसे मानणे हा दुसऱ्या टोकाचा आळस होईल. एक तथ्य उघड आहे. चित्रपटगीतासाठी कवीकडे जाण्याची प्रथा माडगूळकर, शांता शेळके, सुरेश भट ह्यांच्या काळात जितकी सार्वत्रिक होती तितकी ती आज नाही, आणि शब्दांच्या बाजूने त्याची किंमत मोजावी लागली आहे. तथापि रचनेच्या बाजूने हेच म्हणता येणार नाही. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल ह्यांनी अमेरिकेत पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून संगीत मुद्रित करून घेतले, आणि त्याच चित्रपटातील ‘झिंगाट’ लग्नाच्या मिरवणुकींत सर्वाधिक वाजले. एकाच कृतीत कसोशीची वाद्ययोजना आणि रस्त्यावरचा ठेका एकत्र नांदतात. तिला उच्च म्हणावे की नीच, हा प्रश्नच तेथे अपुरा पडतो. दणदणाटाविषयीची तक्रारही न्याय्य आहे, परंतु ती संगीताविषयीची नव्हे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी घालून दिली आहे. तिच्यापलीकडे वाजविलेले ‘गीतरामायण’देखील उपद्रवच ठरेल.

६

प्रस्तुत लेखकाच्या मते खरी हानी निराळ्या ठिकाणी झाली आहे, आणि गुणवत्तेच्या वादात ती नजरेआड होते. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ ह्यांनी पुण्याभोवतालच्या डोंगरी मुलखापासून आरंभ करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्या ओव्या रचणाऱ्या व गाणाऱ्या स्त्रिया व्यावसायिक गायिका नव्हत्या. दळणे हे काम होते आणि ओवी ही त्या कामाची सोबत होती. पिठाची गिरणी आली, पहाटेचे कष्ट वाचले. हे स्वागतार्हच होय, आणि ते कष्ट परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण जाते थांबले तशी ओवी रचण्याची निकडही थांबली. तीच गोष्ट मोटेवरच्या गाण्यांची. दिघी-भोसरीच्या शेतांत मोट चालत होती तेथे आज यंत्रे चालतात, आणि यंत्राच्या आवाजात माणसाचे गाणे टिकत नाही. दोन पिढ्यांपूर्वी जो मनुष्य गात होता तो आज ऐकतो. गाण्यांची संख्या वाढली, गाणाऱ्यांचे प्रमाण घटले. ऱ्हास हा शब्द वापरावयाचाच असेल तर तो येथे वापरावा.

ह्या दृष्टीने पालखीच्या दिवशीचे दिघीतील ते दोन आवाज पुन्हा ऐकले म्हणजे त्यांतील भेद स्पष्ट होतो. तो जुने आणि नवे ह्यांतील नाही, चांगले आणि वाईट ह्यांतीलही नाही. दिंडीत चालणारा प्रत्येक जण गात असतो, मग त्याचा स्वर कसाही असो. मंडपासमोर उभा असलेला प्रत्येक जण ऐकत असतो, मग गाणे कितीही सुरेल असो. आणि ह्या कसोटीवर काही अनपेक्षित निर्णयही द्यावे लागतात. वस्तीतील भजनी मंडळ, भीमजयंतीस रात्री जागून गाणारी मंडळी, चाळीच्या गच्चीवर भ्रमणध्वनीवर स्वतःचे गाणे मुद्रित करणारा कारखान्यातील तरुण कामगार, हे सारे गाणाऱ्यांच्या बाजूचे आहेत. त्यांच्या गीतांचा दर्जा आज ठरविता येणार नाही, आणि ठरविण्याची घाईही नाही.

घाई आहे ती नोंदीची. १८९१ मध्ये हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांनी ते काम केले नसते तर शाहिरांच्या तोंडी असलेल्या त्या रचनांपैकी किती आज आपल्या हाती असत्या, ह्याचा विचार करावा. पोवाडा हे तेव्हाचे लोकप्रिय संगीतच होते. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी विविध भारतीपूर्व चित्रपटगीतांवर प्रबंध लिहावेत, ते योग्यच आहे. परंतु भोसरी, दिघी, चाकण येथील वस्त्यांत आज काय गायिले जाते, मराठवाड्यातून, विदर्भातून आणि उत्तरेतून आलेला कामगार कोणती गाणी बरोबर आणतो व येथे आल्यावर त्यांचे काय होते, ह्याची पद्धतशीर नोंद झाली नाही, तर पन्नास वर्षांनी आपल्या जागी बसणाऱ्या अभ्यासकाजवळ केवळ चाळणीतून उरलेले धान्य असेल. आणि त्याच्या आधारे तोही, आपल्याप्रमाणेच, त्याच्या काळच्या संगीतास ऱ्हासाचे लक्षण ठरवून मोकळा होईल.